फलाटावरचं मूल घरी कसं पोहोचतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे स्थानकात, एसटी स्टँडवर, सिग्नलला एकट्या दिसणाऱ्या मुलांबद्दल लोक आम्हा कार्यकर्त्यांना जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. काही फोनवर येतात, काही शाळेतल्या कार्यक्रमानंतर चहा पिताना, काही थेट फलाटावर. उत्तरं महाराष्ट्रातली व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मुख्य कायदा, म्हणजे २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, देशभर एकच आहे.

स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर आधी काय करू?

थोडा वेळ लांबून बघा. बऱ्याचदा आई तिकिटाच्या रांगेत असते आणि पोरगं पिशव्यांवर लक्ष ठेवून बसलेलं असतं. दोन-तीन गाड्या गेल्या तरी कुणी आलं नाही, किंवा ते लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून नुसतंच इकडून तिकडे फिरतंय असं दिसलं, तर जवळ जा. समोर उभं राहून वरून प्रश्न विचारू नका, शेजारी बसा. "कुठून पळून आलास?" असं तर विचारूच नका. "जेवलास का रे?" एवढं पुरतं. भुकेलं मूल वडापाव खाता खाता जेवढं सांगतं, तेवढं चौकशीच्या खोलीत तासभर बसवूनही सांगत नाही.

मग १०९८ ला फोन लावा. स्थानकातच असाल तर रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस किंवा स्टेशन मास्तरांचं ऑफिस गाठा. मोठ्या स्थानकांवर मुलांसाठी वेगळा मदत कक्ष असतो. चालत्या गाडीत असाल तर १३९. आणि कुणी येईपर्यंत तिथेच थांबा. फोन करून आपली लोकल पकडणारे पुष्कळ असतात. पथक येईपर्यंत मूल तिसऱ्याच फलाटावर गेलेलं असतं.

स्वतःच्या घरी नेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी नाही.

१०९८ म्हणजे नक्की कोण? फोन उचलतात का?

ही मुलांसाठीची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन. १९९६ साली मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ती सुरू झाली. सुरुवातीला फोन करणारी बरीचशी मुलं स्वतः रस्त्यावरचीच होती, म्हणून नंबर त्यांच्या तोंडी बसेल असा घेतला: दस, नौ, आठ. अनेक वर्षं ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून चालली. २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली राज्य सरकारांनी ती चालवायला घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. आता तुमचा फोन राज्याच्या कक्षात जातो आणि तिथून जिल्ह्याच्या पथकाकडे.

फोन उचलतात. पथक किती वेळात पोहोचेल, हे जिल्ह्यावर अवलंबून असतं. म्हणून फोनवर "स्टेशनजवळ एक मुलगा आहे" एवढंच सांगू नका. फलाट क्रमांक, कुठल्या पुलाखाली, कपड्यांचा रंग, साधारण वय, जखम किंवा ताप असेल तर तेही सांगा.

मीच पोलीस स्टेशनच्या फेऱ्यांत अडकेन का?

नाही. नाव सांगायचं नसेल तरी १०९८ वर माहिती देता येते. उलट बाजू मात्र लोकांना माहीत नसते: पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्यावर चोवीस तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे घाबरवायला सांगत नाही. चहाच्या टपरीवर "बिचारं आहे, राहू दे, कप धुवेल" म्हणून मूल ठेवून घेतलं जातं, त्या टपरीवाल्याला हे कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिलं.

फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला तर आईबाप लवकर सापडतील ना?

टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाल कल्याण समितीला (अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणारी समिती, तिच्याबद्दल पुढे) मुलाच्या हितासाठी गरज वाटली तर ती परवानगी देते, तो निर्णय तिचा.

कायदा बाजूला ठेवला तरी कारणं आहेत. मूल ज्या माणसाच्या माराला कंटाळून निघालं, तोच माणूस फोटो बघून "मी काका" म्हणत हजर होऊ शकतो. सापडलेल्या मुलाचा फोटो तीन-तीन वर्षं फिरत राहतो आणि शाळेत परत गेलेल्या पोराला वर्गातली मुलं तो दाखवतात. आणि अशा फॉरवर्डचं टोक काय असतं तेही आपण बघितलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षुकांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराने गावाच्या डोक्यात भीती आधीच भरून ठेवली होती.

रस्त्यावरचं प्रत्येक मूल घरातून पळालेलं असतं का?

मुळीच नाही. सरकारी कार्यपद्धतीतही तीन गट वेगळे धरले आहेत: अगदी एकटी राहणारी मुलं, दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री वस्तीतल्या घरी परतणारी मुलं, आणि आईबापासकट रस्त्यावरच राहणारी मुलं.

या तिसऱ्या गटातल्या मुलाला "घरी पोहोचवणं" या बोलण्याला काही अर्थ नाही. त्याचं घर त्या फुटपाथवर, त्याच्या आईजवळ आहे. सिग्नलला गजरे विकणारी बरीच कुटुंबं मराठवाड्यातल्या दुष्काळाने शहरात आलेली, त्यात पारधी कुटुंबं बरीच. त्या पोराला उचलून बालगृहात टाकलं तर आपणच एक कुटुंब तोडतो. अशा ठिकाणी शाळा, रेशनकार्ड, निवारा यांचं काम करावं लागतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा चालते. ती मुलं जिथे आहेत तिथेच शाळा गेली. पुढची बरीचशी उत्तरं पहिल्या गटाबद्दल, म्हणजे एकट्या मुलांबद्दल आहेत.

मग ही एकटी मुलं घर सोडतात तरी का? गरिबी?

गरिबी मागे असते, पण नुसत्या गरिबीने मूल गाडीत चढत नाही. गरीब घरातली बहुतेक मुलं घरीच असतात. चढायला एक ठिणगी लागते आणि ती ऐकली की मोठ्या माणसांना हसू येतं. दोनशे रुपये हरवले. मोबाइलची काच फुटली. गणितात नापास झाला. बाप रात्री पिऊन येतो आणि आज दार बंद करून मारणार हे त्याला कळलं. आईने दुसरं लग्न केलं आणि नव्या घरात त्याचं ताट शेवटी वाढतात. शेजारच्या गावचा पोरगा मुंबईहून चकचकीत बूट घालून आला. निकालाचे दिवस आणि सणांचे दिवस आमच्यासाठी गर्दीचे असतात.

वसतिगृहातून, आश्रमशाळेतून, मदरशातून पळालेली मुलंही पुष्कळ भेटतात. त्यांची गोम वेगळी. घरी गेलं तर आईबाप परत तिथेच नेऊन सोडणार, म्हणून ती घरच्या दिशेची गाडी टाळून उलट्या दिशेची पकडतात.

काही जण पळालेली नसतातच. आषाढीच्या गर्दीत हात सुटलेला असतो. पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले आईबाप कुठल्या कारखान्यावर आहेत, हे पोराला सांगता येत नाही.

आणि एकदा घर सोडलं की परतीचा रस्ता भीतीने बंद होतो. "आता गेलो तर जास्त मारतील." ठिणगी विझलेली असते, गावाची आठवण येत असते, तरी पोरगं फलाटावर बाटल्या गोळा करत राहतं. मग कुणीतरी मोठा पोरगा त्याला संभाळतो, कमाईतला वाटा घेतो, नशेसाठी हुंगायला रुमालावर पहिलं सोल्युशन देतो. म्हणून आम्ही पहिल्या काही तासांबद्दल इतके हट्टी असतो. फलाटाची ओळख होण्याआधी भेटलेलं मूल आणि सहा महिन्यांनी भेटलेलं मूल, दोघांसाठीचं काम सर्वस्वी वेगळं.

एकटी मुलं सापडली की कल्याण, मनमाड, भुसावळ ही नावं सारखी का येतात?

गाड्यांमुळे. पुष्पक, महानगरी, कुशीनगर, पवन अशा उत्तर प्रदेश-बिहारकडच्या गाड्या भुसावळ-मनमाडवरून येतात. मराठवाड्यातून देवगिरी, नंदीग्राम येतात. पुणे-सोलापूरकडून उद्यान आणि कोणार्क. कसाऱ्याची आणि कर्जतची अशा दोन्ही वाटा कल्याणला एकत्र होतात. मुंबई आली असं वाटून पोरं तिथेच उतरतात, किंवा टीसीला घाबरून.

मूल खोटं नाव, खोटं गाव सांगतं. घर शोधता कसं?

खोटं बोललं तर रागवायचं नाही, हा पहिला नियम. ते स्वतःला वाचवतंय. पहिल्या दिवशी "आईबाप मेले" असं बहुतेक जण सांगतात. तिसऱ्या दिवशी मेलेली आई डब्याला काय द्यायची ते सांगायला लागतात. तिथे "मग खोटं का बोललास?" असं म्हणणारा कार्यकर्ता या कामाला नवीन आहे असं समजा.

बोलण्यावरून पहिला धागा मिळतो. "मले, तुले" म्हणणारा पोरगा विदर्भाकडचा, "मना, तुना" म्हणाला तर खानदेशाचा, "काय करायलाव" ऐकलं की लातूर-नांदेडकडे बघायचं. भोजपुरी, मैथिली, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांसाठी ती भाषा येणारा माणूस शोधायचा. हिंदीत गप्प बसणारं मूल स्वतःच्या बोलीत भडाभडा बोलतं.

मग पत्ता न विचारता गाव विचारायचं. बाजार कुठल्या वारी भरतो? शाळेला जाताना नदी लागते की रूळ? जत्रा कोणाची? चुलते कुठल्या कारखान्यावर जातात? गाडीत बसलास तेव्हा अंधार होता की उजेड, आणि उतरलास तेव्हा? मुलांना जिल्हा ठाऊक नसतो, पण किराणा दुकानदाराचं नाव पाठ असतं. मोबाइल नंबर अर्धा आठवतो, शेवटचे दोन आकडे इकडचे तिकडे. ते फिरवून फिरवून लावून बघायचे. उपग्रह नकाशा पडद्यावर लावला की दहा वर्षांचं पोर बोटाने रस्ता दाखवत शाळेच्या मैदानापर्यंत नेतं. गावाचा अंदाज आला की तिथल्या पोलीस ठाण्याला, सरपंचांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन. हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलांच्या नोंदी असलेलं मिशन वात्सल्यचं सरकारी पोर्टलही असतंच, पण तिकडे वडिलांनी तक्रारच दिली नसेल तर पोर्टल काय करणार?

ऐकू-बोलू न येणारी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं हा सगळ्यात अवघड भाग आहे. तिथे खाणाखुणांच्या भाषेचा जाणकार लागतो आणि महिने जातात, कधी वर्षंही.

आधारचे ठसे घेतले की लगेच कळत नाही?

कधी कधी कळतं, आणि फार विलक्षण रीतीने. नागपुरात असं घडलेलं आहे. लहानपणी सापडलेल्या आणि वेगळ्याच नावाने वाढलेल्या मुलाची आधार नोंदणी पुन्हा पुन्हा नाकारली जात होती. खोलात गेल्यावर कळलं की त्या बोटांवर आधीच एक आधार निघालेलं आहे, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नावाने. त्यावरून घर सापडलं.

पण पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतलेच जात नाहीत. पाचव्या वर्षानंतर घ्यायचे ते अनेक गरीब घरांत राहून जातात. शिवाय ठसे देऊन पत्ता काढायची सोय कुणाही संस्थेला नाही आणि नसावीच. नोंदणी करायला जायचं, ती अडली तर रीतसर मार्गाने पुढे जायचं.

पत्ता मिळाला, वडिलांशी फोनवर बोलणंही झालं. मग त्याच रात्री गाडीत का बसवून देत नाही? महिनाभर का ठेवता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि रागाने येतो. आईबाप आल्यावर तर फार. "आमचं पोर आहे, तुम्ही कोण?"

फोनवर रडणारा बाप तोच असतो ज्याने पट्ट्याने मारलेलं असतं, आणि दोन्ही खरं असतं. रडणं खोटं नसतं. प्रश्न एवढाच की ज्या रात्री पोरगं निघालं त्या रात्रीपासून आजपर्यंत त्या घरात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर आपण त्याला पुढच्या गाडीपर्यंत पोहोचवतोय. दुसऱ्या वेळी ते जास्त लांब जातं आणि आपल्यासारख्यांना टाळायला शिकलेलं असतं.

म्हणून घराची चौकशी होते. समितीच्या आदेशावरून समाजसेवक किंवा परिवीक्षा अधिकारी पंधरा दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल देतो: घरात कोण कोण, कमाई काय, शाळा कधी सुटली, शेजारी काय सांगतात. फोनवरचा माणूस खरंच बाप आहे का, हेही बघावं लागतं. मामा म्हणून आलेला ठेकेदार निघाल्याची उदाहरणं या कामात सगळ्यांनी पाहिली आहेत.

याच काळात मुलाशी बोलणं चालतं. रेल्वेवरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या समतोल, साथी यांसारख्या संस्थांनी त्यासाठी शिबिरांची पद्धत बसवली: काही आठवडे एकत्र राहायचं, खेळायचं, व्यसन सुटू द्यायचं, घराबद्दल बोलायला शिकायचं. बाहेरून बघणाऱ्याला ते पोरं नुसती कबड्डी खेळताहेत असं दिसतं.

त्याचबरोबर उलटी चूकही होते आणि ती जास्त वाईट. साधं हरवलेलं मूल, हाका मारत आलेले आईबाप, कागद चोख, तरी "पुढच्या बैठकीत बघू" म्हणून पोर तीन आठवडे संस्थेत. याला काळजी म्हणत नाहीत. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलं आहे. सरसकट घाई आणि सरसकट दिरंगाई, दोन्ही एकाच आळसातून येतात: समोरच्या एका मुलाचं प्रकरण नीट वाचायचा कंटाळा.

बाल कल्याण समिती म्हणजे कोर्ट का? वकील लागतो का?

वकील लागत नाही. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण मुलाला आरोपीसारखं उभं करायचं नसतं. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे न्यावं लागतं. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढे नेता येतं, मग त्याची घरची वेळ असो. समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसलं पाहिजे, आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश झाला पाहिजे.

मूल म्हणालं, "मला घरी जायचंच नाही," तर?

तर ते लिहून घ्यायचं. समितीने मुलाचं म्हणणं विचारात घेणं हा उपचार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. पण "नाही" च्या मागे काय आहे ते उलगडावं लागतं. "मारतील म्हणून नाही," "तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून नाही," आणि "इथे रोज दोनशे रुपये मिळतात म्हणून नाही" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. लाज वाटणाऱ्याचं आईशी फोनवर बोलणं करून दिलं की निम्मं काम होतं. आईने पहिलं वाक्य काय बोलावं, हे आम्ही तिला आधी सांगून ठेवतो. "का गेलास?" नको, "जेवलास का?" चालेल.

घरातच अत्याचार होत असेल तर?

घरी पाठवत नाहीत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याखाली कळवणं सक्तीचं आहे, घरच्यांची समजूत काढत बसायचं नाही. मग आजी, मावशी, चुलते यांच्यापैकी कोणी योग्य आहे का ते बघतात. तसं कोणी नसेल तर प्रतिपालक कुटुंब, म्हणजे मुलाला सांभाळायला तयार असलेलं दुसरं घर, तेही नाही तर बालगृह. आजीचं घर एका खोलीचं असलं तरी, माझ्या मते, मोठ्या इमारतीतल्या शंभर खाटांच्या हॉलपेक्षा आधी त्याचा विचार व्हावा.

सोडायला कोण जातं? तिथे काय होतं?

आईबाप येऊ शकत असतील तर समितीपुढे ओळख पटवून त्यांच्याच ताब्यात देतात. येऊ शकत नसतील, आणि मजुरी बुडवून दोन दिवसांचा प्रवास अनेकांना परवडत नाही, तर पोलीस किंवा संस्थेचे कार्यकर्ते घेऊन जातात. मुलगी असेल तर सोबत महिला हवीच. बाहेरच्या जिल्ह्यात किंवा राज्यात मुलाला तिथल्या समितीपुढे नेतात आणि ताबा ती देते.

गाडी गावाजवळ येऊ लागली की पोरं गप्प होतात. काही जणांना मळमळतं. एखादा म्हणतो, "दादा, आपण उद्या जाऊ." गावात शिरताना पोलीस जीप टाळता आली तर टाळावी, नाहीतर "चोरी करून पकडला" ही बातमी त्याच्याआधी घरी पोहोचते. केस कापलेले असावेत, अंगावर धड कपडे असावेत. चार घरं जमतात, चहा होतो, कुणीतरी पोराच्या टपलीत मारतं. त्या गर्दीत आईला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलायला विसरायचं नाही. मुलाला पण एक कागद द्यायचा ज्यावर १०९८ लिहिलंय.

पेढ्यांचे आणि मिठीचे फोटो आम्ही काढत नाही. देणगीदार मागतात. कलम ७४ दाखवलं की गप्प बसतात.

परत पळून येतात का?

काही येतात. म्हणून पोहोचवल्यानंतरचा पाठपुरावा म्हणजे खरं काम, आणि नेमका त्यालाच पैसा मिळत नाही. शाळेत नाव घातलं का, बापाची दारू कमी झाली का, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. ते त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाचं काम आहे. फोनवर "ठीक आहे" एवढंच ऐकून फाइल बंद करण्याची सवय मोडली तर दुसऱ्यांदा पळणारी बरीच मुलं थांबतील.

घरच्यांना काही आर्थिक मदत मिळते?

मिळू शकते. मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्व म्हणून पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. एक पालक असलेल्या, पालक गंभीर आजारी असलेल्या अशा मुलांसाठी ती आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँक खातं यांत कुटुंबं अडकतात. एखाद्या कुटुंबाला तलाठी कार्यालयात सोबत नेणारा शेजारी इथे मोठं काम करतो.

मुलींचं प्रमाण कमी का दिसतं?

दिसतं कमी, असतं तेवढं कमी नाही. एकटी मुलगी फलाटावर फार वेळ टिकत नाही, कुणीतरी "मदत" करायला येतोच. बालविवाह ठरला म्हणून निघालेली, मुलाबरोबर निघून आलेली, घरकामाला म्हणून आणलेली, अशा मुली वेगळ्या वाटेने समितीपर्यंत येतात. मुलाबरोबर आलेल्या मुलीच्या घरच्यांना ती "एका रात्रीत" परत हवी असते आणि महिन्याभरात लग्न लावायचं असतं. तिथे घरी देण्याआधी दहादा विचार करावा.

कारखान्यात कामाला आणलेल्या मुलांचं काय?

ती पळालेली नाहीत, आणलेली आहेत. आईबापाने उचल घेतलेली असते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामाला. सुटका करून गावी सोडलं आणि उचल तशीच राहिली तर दलाल पुढच्या आठवड्यात दारात असतो. त्यामुळे मालकावरचा गुन्हा, थकलेली मजुरी आणि कुटुंबाच्या कर्जाचा प्रश्न यांना हात न घालता नुसतं पोहोचवणं अपुरं.

सिग्नलला पैसे द्यावेत का?

माझं उत्तर: मुलाच्या हातात पैसे नकोत. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्याचा धंदा आपल्या सुट्ट्या पैशांवर चालतो. पण हाड्-हुड् पण नको. खायला द्या, नाव विचारा, रोज तेच मूल दिसत असेल तर १०९८ ला कळवा.

आम्हाला मूल नाही. हेच ठेवून घेतलं तर?

नाही. आधी त्याचे आईबाप शोधले जातात, कारण बहुतेकांना ते असतात. शोध घेऊनही कोणी मिळालं नाही तरच समिती त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते, आणि दत्तक केंद्रीय प्राधिकरणाच्या यादीनुसारच होतं. परस्पर ठेवून घेणं तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

आमचंच मूल हरवलं आहे. पोलीस म्हणतात, चोवीस तास थांबा.

थांबायचं नाही आणि त्यांनी थांबवायचंही नाही. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लावत, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने नोंद (झिरो एफआयआर) मागा. प्रत हातात घ्या. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे गेला पाहिजे, ते विचारत राहा.

सोबत अलीकडचा फोटो, अंगावरच्या खुणा, शेवटचे कपडे, जवळच्या दोन मित्रांची नावं द्या. मित्रांना बहुतेक वेळा माहीत असतं. त्यांना दरडावू नका, त्यांच्या आईसमोर विचारू नका. घरातला जुना फोन नंबर बंद करू नका, पोराला तोच पाठ असतो. आणि घरात काय घडलं होतं ते पोलिसांना खरं सांगा. "काहीच झालं नव्हतं" या वाक्याने शोध चुकीच्या दिशेला जातो.

नेपाळ, बांगलादेशची मुलं?

समिती, परराष्ट्र खातं आणि दूतावास यांच्यामार्फत जातात. नागरिकत्वाची खात्री पटायला बराच वेळ जातो, तोवर मूल बालगृहात शाळा शिकत राहिलं पाहिजे.

मला महिन्यातून एखादाच रविवार देता येतो. काही उपयोग आहे?

आहे, केक आणि फुगे घेऊन येणार नसाल तर. बालगृहात दर रविवारी कुणाचा तरी वाढदिवस असतो. तुम्हाला भोजपुरी, तेलुगू, ओडिया, संथाली येत असेल तर फोनवरूनसुद्धा मोठी मदत होते. खाणाखुणांची भाषा येत असेल तर आजच कळवा. कायदा, दंतवैद्यक, समुपदेशन, अर्ज भरणं, शाळेच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागणं, हे सगळं लागतं. तुम्ही लांबच्या जिल्ह्यात राहत असाल तर तुमच्या तालुक्यात पोहोचवलेल्या एका मुलाच्या घरी अधूनमधून चक्कर टाकणारा माणूस आम्हाला हवाच असतो.

संस्था निवडताना बाल न्याय कायद्याखाली तिची नोंदणी आहे का, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. नोंदणी नसताना मुलं ठेवणं गुन्हा आहे. तुमच्याकडे पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नका. ती न मागता थेट मुलांत सोडणाऱ्या संस्थेत जाऊ नका.